घाईतला वजीर

३ जून

चि. ठोंब्या,

आशीर्वाद. सध्या अर्धाच देतेय, उरलेल्याचं पत्र संपताना बघू.

तुझं पत्र पोचलं. कागदावर लिहिलंस ते बरं केलंस. धुलाईघरातल्या मशिनींनी माझे कान खाल्लेत, फोनवर तू जे पुटपुटतोस त्यातलं निम्मंच कळतं. आणि मेसेज लिहायला घेतला की माझ्या एका बोटाखाली तीन-तीन अक्षरं येतात. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर चांगलं आहे. तेवढं तरी वापरू दे.

तर तुझं म्हणणं असं, की लिफ्ट दुरुस्तीची नोकरी सोडून वर्षभर घरी बसायचं आणि स्वतः बनवलेला बुद्धिबळाचा प्रोग्राम मोठा करायचा. आणि राजीनामा द्यावा की नाही ते मी सांगायचं. का, तर तुझी बायको म्हणते, मावशी कधी खोटं बोलत नाहीत. तिला एवढी खात्री कशावरून? लग्नात मी तिला म्हटलं होतं, चपला एक नंबर मोठ्या घेतल्यास आणि नवराही. त्यावरून असेल.

मग ऐक. तू सांगितलंस तसा तो प्रोग्राम फोनवर उघडला. जेवणाच्या सुट्टीत, घडी घातलेल्या चादरींच्या ढिगावर बसून खेळले. अकरा डाव खेळले, अकराही जिंकले.

सोंगट्या कसल्या काढल्यास रे? सगळ्या मिठाच्या बाटल्या. पहिल्या डावात मी उंटाला प्यादं समजून चालवत होते. पण ते सोड. तुझा प्रोग्राम सुरुवातीला बरा खेळतो, घोडे बाहेर काढतो, राजाला आडोसा करतो, मला वाटतं चला, काहीतरी होईल. आणि बाराव्या-पंधराव्या खेळीला वजीर उचलतो आणि आणून देतो माझ्या प्याद्याच्या तोंडात. एकदा नाही, अकराही वेळा. मग पटापट सगळं गमावतो आणि मरतो. मला तर अपमान वाटला. समोरचा असा खेळतो तेव्हा त्याला आपल्याशी खेळायचंच नसतं.

बॉयलरवाल्या म्हाताऱ्यालाही दाखवलं. तोच रे, ज्याने मला बुद्धिबळ शिकवलं. बॉयलर तापायला पाऊण तास लागायचा तेव्हा आम्ही राखेच्या बादलीवर पट ठेवून खेळायचो. आता रिटायर झालाय, पण वास घ्यायला म्हणून आठवड्यातून एकदा चक्कर मारतो. त्याने दोन डाव बघितले आणि म्हणाला, "हा खेळायला बसलाय की उठायला?"

लिफ्ट सोडू नकोस. लोक काही जिने चढायला लागणार नाहीत.

उरलेला आशीर्वाद राखून ठेवते.

मावशी


१२ जून

ती. मावशीस,

नमस्कार. वाकून केलाय असं समज. आत्ताच लिफ्टच्या खड्ड्यातून वर आलोय, अजून वाकलो तर उठणार नाही.

पत्र वाचून हसू आलं आणि मग काळजी वाटली. राग मानू नकोस, पण तू अकराच्या अकरा डाव जिंकलीस? तू? मावशी, मी तुझ्याकडे राहायला होतो ती दीड वर्षं आठव. पाय मोडून पलंगावर पडलो होतो तेव्हा तू मला खेळायला शिकवलंस, आणि पाय बरा झाल्यावरही आपण रोज दुपारी खेळत राहिलो. मी शाळेच्या वहीत एकेक खेळी लिहून ठेवायचो. चार वह्या भरल्यात. हिशेब पहिल्या पानावर आहे: मी तीनशे बारा, मावशी नऊ.

तीनशे बारा वेळा माझ्याकडून हरलेली बाई माझ्या प्रोग्रामला अकरा वेळा हरवते, यात कुठेतरी पाणी मुरतंय. तू नक्की सोप्या पातळीवर खेळत असणार. नाहीतर खेळ्या बॉयलरवाल्या काकांच्या असणार. खरं सांग.

आणि आता तुला गुपित सांगतो. प्रोग्राम बनवायचा तर त्याला कुणाचे तरी डाव दाखवून शिकवावं लागतं. बाकीचे लोक मोठमोठ्या खेळाडूंचे डाव दाखवतात. मी त्याला आपल्या वह्या दाखवल्या. तीनशे एकवीस डाव, प्रत्येक खेळी, स्वतः टाइप करून. पांढऱ्या सोंगट्या कायम माझ्या, काळ्या कायम तुझ्या. म्हणजे तो पांढरा घेतो तेव्हा माझ्यासारखा खेळतो आणि काळा घेतो तेव्हा तुझ्यासारखा. तू पांढऱ्याने खेळली असशील, म्हणजे फोनवर तुझ्यासमोर तूच बसली होतीस. गंमत आहे की नाही?

बायको विचारते, मावशींना चष्मा नवीन लागलाय का.

तुझा,
भाचा


२० जून

चि. ठोंब्या,

आशीर्वाद.

चष्मा जुनाच आहे आणि त्यातून सगळं स्वच्छ दिसतं, सांग तिला. म्हाताऱ्याने एकही खेळी सांगितलेली नाही. त्याला तो पडदा बघून डोकं दुखतं. पातळी मी सगळ्यात अवघडवर ठेवली होती.

त्या वह्या कशाला उकरून काढल्यास? दहा वर्षांच्या पोराचं अक्षर ते, त्यात शंभर चुका असतील. घोड्याच्या जागी उंट लिहिला असशील. माळ्यावरच्या वस्तू माळ्यावरच राहू द्याव्यात. त्या प्रोग्रामला दुसऱ्या कुणाचे तरी डाव दाखव. जगात बुद्धिबळ खेळणारे काय दोघंच आहेत, तू आणि मी?

प्रोग्राम वाईट आहे, एवढं मी सांगितलं. का वाईट आहे ते मला विचारू नकोस, मी धुलाईवाली आहे. चादर पिवळी पडली की मी म्हणते पिवळी पडली. का पडली ते सांगायला दुसरी माणसं असतात.

इथे नवीन रूळ बसवलाय, गरम, चादर एका बाजूने घातली की दुसऱ्या बाजूने कडक होऊन बाहेर येते. तीन जणींच्या बोटांना भाजलं. माझ्या नाही. मी लक्ष देऊन काम करते.

राजीनाम्याचं काय केलंस ते लिही. काहीही केलं नसशील तर फारच चांगलं.

मावशी


२ जुलै

ती. मावशीस,

नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी दोन रविवार वह्या तपासल्या. एकही चूक नाही. माझं अक्षर घाणेरडं आहे पण घोडा घोड्याच्याच जागी आहे.

मग मी प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला केला, म्हटलं मावशी एकटीच का, बाकीचेही बघू देत. पाचशेच्या वर लोक खेळले. खाली अभिप्राय लिहायची सोय आहे. आता ऐक. एक जण लिहितो, "याला कुठे जायचंय का?" दुसरा, "याने गॅसवर दूध ठेवलंय." तिसऱ्याने लिहिलंय की हा प्रोग्राम हरत नाही, निरोप घेतो. बायकोने हे फ्रीजवर चिकटवलंय.

मी मात्र हार मानली नाही. वह्या परत उघडल्या, आणि मला कारण सापडलं. मी तेव्हा प्रत्येक डावावर सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ लिहायचो, वर तारीख आणि वार. तू हरलीस ते तीनशे बाराही डाव तुझ्या ड्यूटीच्या दिवशीचे आहेत. साडेबाराला सुरू, आणि सव्वा ते दीडच्या मध्ये संपलेले. तू जिंकलीस ते नऊही डाव तुझ्या सुट्टीच्या दिवशीचे. त्यातला एक तर पावणेतीन तास चाललाय.

म्हणजे बघ. ड्यूटीला जायचं असलं की तुझं डोकं चालायचं नाही. बिचारी. दोनच्या पाळीचा ताण येत असणार, आणि मला लहानपणी कळलंच नाही. सुट्टीला डोकं ताजं, की तू जिंकायचीस. माझ्या प्रोग्रामने तुझा ताण उचललाय, बाकी काही नाही. हे दुरुस्त करता येईल. बायकोला हे समजावून सांगितलं तर ती पदार्थ जळल्यासारखं माझ्याकडे बघत राहिली.

दोष कळला म्हणजे अर्धं काम झालं. आता मला पूर्ण वेळ द्यावा लागेल. पंधरा जुलैला राजीनामा देतो. कागद टाइप करून शर्टाच्या खिशात ठेवलाय.

तुझा,
भाचा


८ जुलै

ठोंब्या,

हे पत्र जादा तिकीट लावून पाठवतेय, म्हणजे पंधराच्या आत पोचेल. उभ्याने वाचू नकोस.

मला ताण-बिण काही येत नव्हता. मी मुद्दाम हरत होते.

आता नीट ऐक. दोनला धुलाईघराचं गेट बंद व्हायचं, अजूनही होतं. मला एक चाळीसची बस लागायची. तू पलंगावर, पाय प्लास्टरात, आणि मी जेवण झालं की निघणार म्हणून तोंड फुगवलेला. एक डाव खेळल्याशिवाय सोडायचा नाहीस. आणि मी जिंकले तर काय करायचास आठवतं? आणखी एक, आणखी एक, म्हणून पाय आपटायचास. प्लास्टरचा पाय. डॉक्टरने दोनदा परत बांधला. तू जिंकलास की मात्र वही काढायचास, आकडा लिहायचास आणि भिंतीकडे तोंड करून गपगार झोपायचास. वही तू सुरू केलीस तीच मुळी दहाव्या दिवशी, मी पहिल्यांदा हरले तेव्हा, आणि त्या दिवशी मला हे कळलं. मग काय. घरातून बाहेर पडायचा सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे हरणं.

साधारण बाराव्या खेळीला घड्याळाकडे बघायचे. वेळ असला तर पंधरावीला वजीर द्यायचा. नसला तर लगेच. पुढचं तू पटापट मारायचास, मीही अडवायचे नाही. पाय बरा झाला तरी तुझी सवय गेली नाही आणि बसही काही उशिराने यायला लागली नाही.

सुट्टीच्या दिवशी मी बहुतेक झोपायचे. नऊ वेळा खेळले. ते खरं खेळले, कारण तुझा माज फार वाढला होता. तू शेजारणीला सांगत होतास की मावशीला काही येत नाही.

तेव्हा तुझा प्रोग्राम बिघडलेला नाही. तो शिकला ते अगदी चोख शिकलाय. मी तीनशे बारा वेळा बस पकडली, ते त्याने पाठ केलंय. गेल्या महिन्यात तू वह्यांचं लिहिलंस तेव्हाच मला कळलं होतं, आणि मी माळ्याबिळ्याच्या गोष्टी लिहून तुला फिरवलं. ती चूक माझी.

राजीनामा खिशातच ठेव. शर्ट धुवायला टाकताना काढ.

मावशी


१ ऑगस्ट

उत्तर दे. लिफ्टमध्ये अडकलास का.

मावशी


१९ ऑगस्ट

मावशी,

तुझं ते मोठं पत्र चौदा जुलैलाच मिळालं. मी तेव्हा लिफ्टच्या डब्याच्या टपावर होतो, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये, दोरांना ग्रीस लावत. उभ्याने वाचू नकोस लिहिलंस म्हणून तिथेच बसलो आणि वाचलं. खाली तीन माणसं बेल वाजवत होती. वाजवू दिली.

राजीनामा दिला नाही. पण तुला पत्रही लिहिलं नाही, कारण काय लिहायचं ते सुचत नव्हतं. नोकरीचं मला काही वाटलं नाही. त्या आकड्याचं वाटलं. मावशी, मी परीक्षेला गेलो की मनात म्हणायचो, आपण तीनशे बारा वेळा जिंकलोय. मुलाखतीला गेलो तेव्हा म्हटलं. बायकोला मागणी घालायला गेलो तेव्हाही म्हटलं. ती म्हणते, तेव्हा तू नुसता घाम पुसत होतास. आता कळतंय की मी ज्यावर उभा होतो ती एक चाळीसची बस होती.

बायकोला सगळं वाचून दाखवलं. ती जमिनीवर बसून हसली. मग म्हणाली, "एवढ्या वेळा न कंटाळता हरायला माणसाला किती धीर लागतो." मी म्हटलं, धीर नाही, घाई. ती म्हणाली, दोन्ही.

असो. राग दहा दिवस राहिला, मग वह्या बांधून ठेवल्या. प्रोग्राममधून सगळे डाव काढून टाकले. फक्त तुझे नऊ ठेवले, आणि त्याला म्हटलं, आता तू स्वतःशीच खेळ. काळाही तूच, पांढराही तूच, आणि कुणालाच ड्यूटीला जायचं नाही. तीन आठवडे कॉम्प्युटर बंद केला नाही. खोलीत इतका उकाडा झाला की बायको स्वयंपाकघरात झोपली. शेवटी शेवटी तो लाखो डाव खेळला. काल मी त्याच्याशी खेळलो. त्याने मला अडतीस खेळ्यांत मारलं, आणि वजीर शेवटपर्यंत घरची वळचण धरून बसला होता.

पण मी कोण, हे आता आपल्या दोघांना माहीत आहे. तेव्हा तू खेळ. एकच डाव, खरा. तू हरलीस तर पहिल्या तारखेला राजीनामा. जिंकलीस तर मी जन्मभर दोरांना ग्रीस लावीन आणि बुद्धिबळाचं नाव काढणार नाही. बायकोला दोन्ही चालतं, तिला फक्त खोली थंड हवी.

आणि एक अडचण आधीच सांगतो. तू "हरले" म्हणून लिहिलंस तर मी विश्वास कसा ठेवू? तुला हरायची चांगलीच सवय आहे. काय करायचं ते तू बघ.

भाचा


२७ ऑगस्ट

चि. ठोंब्या,

आशीर्वाद, पूर्ण.

आज सकाळी अकराला भांडी आवरून बसले. म्हटलं बारापर्यंत याला लोळवते, जेवते, निघते. फोन भिंतीला टेकवला, शेजारी पाण्याचा तांब्या. सोंगट्या अजून मिठाच्या बाटल्याच आहेत, त्या तू बदलल्या नाहीस.

पंधराव्या खेळीला मी वाट बघत होते वजीर येईल म्हणून. आला नाही. विसाव्याला मी एक सापळा लावला, म्हाताऱ्याने शिकवलेला, ज्यात भलेभले पडतात. त्याने त्या सापळ्यात एक प्यादं टाकलं आणि बाजूने निघून गेला. तिथून पुढे मला जेवणाची आठवण राहिली नाही. तिसाव्याला मी एक हत्ती वर होते. पस्तिसाव्याला तो हत्ती गेला आणि उंटही गेला, आणि कुठून गेला ते मी अजून बघतेय. पन्नासाव्या खेळीला माझ्याकडे राजा, घोडा आणि दोन प्यादी. तरी सोडलं नाही. घोडा नाचवला, राजाला कोपऱ्यात घेऊन बसले, वाटलं बरोबरीत तरी सोडवू. त्याला घाई नव्हती रे. एकेक पाऊल टाकत आला. एकसष्टाव्या खेळीला मात.

मान वर केली तर घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

धावत गेले. गेटवर पोचले तेव्हा पावणेतीन. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. वॉचमन मला बघून उभाच राहिला, त्याला वाटलं घरात काहीतरी वाईट झालं. मुकादम बाहेर आला. म्हणाला, "कोण गेलं?" मी म्हटलं, माझा राजा. तो म्हणाला, घरी जा, तुला ताप दिसतोय. आणि रजिस्टरात माझ्या नावासमोर लाल रेघ मारली. एवढी मोठी. माझ्या आधी आणि नंतर सगळ्या बायकांच्या नावासमोर दर महिन्याला असते तशी, माझ्या पानावर एकच. तुला खात्री हवी होती ना? येऊन ते पान बघ. गेट चुकू नये म्हणून मी तीनशे बारा वेळा हरले, आणि आज गेट चुकलं. हे मुद्दाम होत नसतं.

आता एक गोष्ट सांगते आणि मग पत्र बंद करते. घरी येताना मी ठरवलं होतं की तुला लिहायचं, जिंकले. कागद घेतला, "मी जिंकले" असं लिहिलंही. मला तू लिफ्टवरच हवास. त्या नोकरीत पगार वेळेवर आहे, आणि घरी बसलेला नवरा बायकोला सहा महिन्यांत नकोसा होतो, हे मी बघितलंय. तू विश्वासही ठेवला असतास, मी जिंकले यात खोटं वाटण्यासारखं काही नव्हतं. एक ओळ लिहून मी तुला जन्मभर ग्रीस लावायला ठेवू शकले असते, आणि तू मला त्याबद्दल धन्यवाद दिले असतेस.

मग तो कागद चुलीत घातला. तुझ्यासाठी नाही. त्याच्यासाठी. तो माझ्याशी खरं खेळला, तीन तास, एकदाही वजीर फेकला नाही. अशा माणसाला हरवलं म्हणून सांगणं मला जमलं नाही. माणूस नाही तो, माहीत आहे.

तेव्हा प्रोग्राम चांगला आहे. वर्षभर घरी बसण्याइतका चांगला आहे का ते मला कळत नाही, पण तू शर्त घातलीस आणि मी हरले. पहिल्या तारखेला कागद दे. त्यावर नोकरी सोडण्याचं कारण विचारतात. "मावशी हरली" असं लिही. ऑफिसात कुणालाही पटणार नाही. तरी तेच लिही.

मावशी